हातात धरायचा दांडीवाला आरसा, मध्यम साइज: ४ स्टार (एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे आणि यात मेकअप, भुवया वगैरे काही नाही. त्यासाठी आला असाल तर आरसा ठीक आहे, घेऊन टाका, पुढचं वाचत बसू नका. आम्ही हा दादासाठी घेतला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बाइकवरून पडला, डोक्याला मार लागला, आणि मग कितीतरी दिवस तो डोळे उघडे ठेवून नुसता पडलेला असायचा आणि तो आत आहे की नाही हेच आम्हाला कोणाला कळत नव्हतं. आरसा आणायला एका थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं. मला वाटलं त्याला त्याचा चेहरा दाखवायचाय, मी म्हटलं नको हो मॅडम, घाबरेल तो, अर्धं डोकं आत गेलंय त्याचं. त्या म्हणाल्या, घाबरला तर मला आनंदच होईल.

तर वस्तू कशी आहे. गोल आहे, पूर्ण चेहरा मावतो एवढा. काच नाही, ॲक्रिलिक आहे, त्यामुळे हलका. पाठ काळी आणि मॅट, फ्रेम बारीक, तीही काळी. दांडी लांब आहे आणि हे महत्त्वाचं, कारण आरसा चेहऱ्यापासून चार ते सहा इंचांवर धरायचा असतो आणि आपला हात आणि आपलं तोंड पेशंटच्या नजरेत यायला नको. एकच बाजू आरशाची आहे, दुसरीकडे मोठं दिसणारं भिंग नाही. हे पण चांगलं, कारण भिंगवाल्या बाजूने आपलाच चेहरा इतका मोठा आणि वाकडा दिसतो की शुद्धीवरचा माणूससुद्धा दचकेल.

याच्या आधी आम्ही दोन आरसे वाया घालवलेत. पहिला मी स्वतः ऑनलाइन मागवला, गोल गोल एलईडी लाइटवाला, म्हटलं उजेड असला तर त्याला नीट दिसेल. दादाचे डोळे लगेच वळले त्याच्याकडे. मी रडायलाच लागले. मॅडमनी काही न बोलता लाइट बंद केला आणि तोच आरसा परत फिरवला, डोळे जागच्या जागी. म्हणजे तो उजेडाकडे वळला होता, आरशाकडे नाही, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. दुसरा घरातलाच होता, काचेचा, स्टीलच्या फ्रेमचा, जड. तो आईच्या हातून दादाच्या छातीवर पडला, गळ्यातल्या ट्यूबपासून बोटभर अंतरावर, कोपरा उडाला, सिस्टर इतकी ओरडली की शेजारच्या वॉर्डातले लोक बघायला आले. त्यानंतर हा. म्हणून कोणी याच कामासाठी घेत असेल तर काचेचा घेऊ नका, लाइटवाला तर मुळीच नको.

आता आरशाचं काम काय ते सांगते, कारण मला कोणी सांगितलं असतं तर मधले पाच सहा आठवडे मी वेगळे काढले असते.

ॲक्सिडेंटच्या रात्री फाइलवर लिहिलं होतं ई १, व्ही टी, एम ३. मी तो कागद फोटो काढून ठेवलाय. तेव्हा काही कळलं नाही, नंतर शिकले. हे ग्लासगो कोमा स्केल, १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी काढलेलं, डोळ्यांचे ४ पैकी, बोलण्याचे ५ पैकी, हालचालीचे ६ पैकी, म्हणजे पूर्ण शुद्धीवरच्या माणसाचे १५ आणि काहीच नसेल तरी ३, शून्य मिळतच नाही. दादाचे डोळे उघडत नव्हते म्हणून १, तोंडात ट्यूब होती म्हणून व्हीच्या पुढे टी, आणि चिमटा काढला की हात कोपरात दुमडून छातीकडे यायचे म्हणून ३. ते हात छातीकडे यायचे तेव्हा आई म्हणायची, बघ नमस्कार करतोय. ती आपोआप होणारी हालचाल आहे हे खरं कोणी तिला सांगितलं नाही, मीपण नाही.

उजव्या बाजूला मेंदूवर रक्त साचलं होतं, ते काढलं, सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढून ठेवला. शिवाय आतमध्ये बारीक तंतू ताणले जाऊन तुटलेत असं एमआरआयमध्ये दिसलं, डिफ्यूज ॲक्सोनल इंजुरी म्हणतात त्याला. सीटीमध्ये ते नीट दिसत नाही. त्यामुळे सीटी बघून कोणी म्हणालं फार काही नाहीये तर लगेच पेढे वाटू नका, आणि एमआरआय बघून कोणी म्हणालं संपलं तर तेही लगेच मानू नका.

तीन आठवड्यांनी दादाने डोळे उघडले. आणि घरच्यांची खरी फसगत इथून सुरू होते. सिनेमात डोळे उघडले की माणूस उठून बसतो ना, नावं घेतो. इथे डोळे उघडतात म्हणजे फक्त मेंदूच्या खालच्या भागातलं झोप-जागेचं चक्र परत सुरू झालं. कोमा असा वर्षानुवर्षं सहसा राहत नाही, काही आठवड्यांत माणूस त्यातून बाहेर पडतो, फक्त कुठे पडतो हा प्रश्न असतो. डोळे उघडे, झोपतो, जागतो, जांभई देतो, कण्हतो, कधी हसल्यासारखं तोंड करतो, आणि तरी त्याला आजूबाजूचं काहीच भान नसतं, असं होऊ शकतं. त्याला व्हेजिटेटिव्ह स्टेट हे नाव जेनेट आणि प्लम यांनी १९७२ मध्ये दिलं. नाव ऐकून कोणालाही भाजीची आठवण येते म्हणून २०१० मध्ये काही डॉक्टरांनी अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस सिंड्रोम हे नाव सुचवलं, पण आमच्या वाट्याला जुनंच आलं.

आलं कसं ते पण ऐका. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. राउंडला मोठे डॉक्टर आले, बेडच्या पायथ्याशी उभे राहिले, दादाला हाक मारली, एकदा छातीच्या हाडावर बोटं घासली, आणि जूनियर मुलाला म्हणाले, व्हेजिटेटिव्ह लिही. मी घड्याळ बघितलं नव्हतं पण दोन मिनिटं नक्की झाली नाहीत. सकाळची वेळ, नुकतंच सक्शन, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून काढणं, झालेलं, रात्री झटक्यांचं आणि स्नायू सैल करायचं औषध दिलेलं, दोन्हींनी सुस्ती येते. आणि तो पाठीवर सपाट झोपलेला, म्हणजे त्याला छत सोडून काही दिसण्याचा प्रश्नच नाही. वर ते सगळं त्याच्या तोंडावर बोलले. त्या दिवशी संध्याकाळी वहिनीने पहिल्यांदा विचारलं की आपण घरी कधी न्यायचं.

डॉक्टर वाईट होते असं माझं म्हणणं नाही, ऑपरेशन त्यांनीच केलं आणि जीव त्यांनीच वाचवला. पण मेंदूच्या आतलं भान शोधणं हे वेगळं काम आहे आणि ते दोन मिनिटांत होत नाही. नंतर मी वाचलं, २००९ चा एक अभ्यास आहे, ४४ पेशंट असे की त्यांच्या टीमने एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेले, त्यांना ठरलेल्या पद्धतीने परत तपासलं तर १८ जणांत भान असल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे ४१ टक्के. एकट्यादुकट्या डॉक्टरची चूक म्हणून सोडून देण्यासारखा आकडा नाही हा.

ती ठरलेली पद्धत म्हणजे सीआरएस-आर, कोमा रिकव्हरी स्केल रिव्हाइज्ड, २००४ ची, जियाचिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड-आवाज, संवाद, जागेपणा असे सहा भाग, २३ पैकी मार्क. आम्ही दादाला दुसऱ्या ठिकाणी रिहॅबला हलवलं तिथे या मॅडम भेटल्या आणि त्यांच्या बॅगेत ही एवढीच सामग्री: एक आरसा, एक कंगवा, एक कप, एक चेंडू, एक घंटी आणि पेन्सिल. मी मनात म्हटलं, एवढ्या मशिनी लावून झाल्या आणि आता हे भातुकलीचं सामान.

तर आरसाच का. माणूस आपल्याच चेहऱ्याकडे आपोआप ओढला जातो. बेल्जियममधल्या लिएजच्या टीमने २००८ मध्ये हेच तपासलं होतं की नजर फिरते का हे बघायला काय वापरावं, हलणारी वस्तू, चालणारं माणूस की आरसा, आणि आरसा सरस ठरला, काही पेशंट तर असे निघाले की ते बाकी कशाच्याही मागे बघत नव्हते, फक्त आरशाच्या. आणि नजर कशाच्या तरी मागे सलग फिरणं ही बहुतेक वेळा भान परत यायची पहिली खूण असते. पहिल्या हॉस्पिटलमध्ये बोट फिरवून बघायचे. किंवा पेन. पेन बघून कोण शुद्धीवर येणार आहे!

पद्धत अशी. आधी पेशंटला नीट उठवायचं, झोपेत असेल तर चेहरा, मान, खांदे, दंड असं वरून खाली स्नायू दाबत जागं करायचं. डोकं उशीला टेकवून बसतं करायचं. मग एक मिनिट काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं की तो आपणहून काय काय हलवतो, नाहीतर नंतर आपण त्याच हालचालीला प्रतिसाद म्हणून बसतो. मग आरसा समोर धरायचा, चेहरा त्यात येऊ द्यायचा, आणि हळूच मधोमधपासून उजवीकडे ४५ अंश, परत मध्ये, डावीकडे ४५, मग वर, मग खाली. डोळे न सुटता पूर्ण ४५ अंश आले पाहिजेत, आणि असं दोनदा झालं तर मार्क. मध्ये सुटले तर नाही. आणि मॅडमचा नियम, आरसा फिरवताना तोंडाने काही बोलायचं नाही.

हे शेवटचं माझ्याकडून होईना.

हा आरसा आल्यावर मी रोज दुपारी स्वतःच करायला लागले, मॅडमना न सांगता. दादा इकडे बघ, दादा हा बघ तू, असं बोलत बोलत फिरवायची. आणि तो बघायचा! तीन दिवस बघायचा. मी वहिनीकडून मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला आणि मॅडमना दाखवला, माझा चेहरा कसा झाला असेल तुम्हीच समजा. त्यांनी व्हिडिओ आवाज बंद करून परत लावला आणि म्हणाल्या, आता फक्त तुमचा हात बघा, त्याचे डोळे नंतर. मी बघितलं. दादाचे डोळे आधी हलत होते. डावीकडे जायचे, अर्ध्या सेकंदाने माझा हात डावीकडे. उजवीकडे यायचे, माझा हात उजवीकडे. या अवस्थेत डोळे असेच संथ इकडून तिकडे तरंगतात, त्याला काही अर्थ नसतो, आणि मी आरसा घेऊन त्यांच्या मागे फिरत होते. तो आरशामागे येत नव्हता, आरसा त्याच्यामागे जात होता. मला कळलंही नव्हतं, शपथेवर सांगते, हात आपोआप जायचा.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या घरच्या सगळ्यांचंच होतं, म्हणून तर मी उलटं पण सांगते, की घरच्यांना जे दिसतं ते सोडून देऊ नका, तुम्ही दिवसभर त्याच्याजवळ असता, मी अर्धा तास. फक्त दिसलं की वेळ लिहा, काय केलं ते लिहा, आणि परत करून बघा. मग वही घातली. आई लिहायची, बोललो काय, झालं काय, किती वेळाने. आईचं अक्षर थरथरतं, पण वही इमानदार होती. तिने पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘सकाळी १०, हाक मारली, काही नाही. १० वाजून ५, हाक मारली, काही नाही.’ पूर्ण पान काही नाही, काही नाही.

मॅडमची पहिली टेस्ट ५ मार्क. दुसरी ६. नजर दोन्हीत नाही. तिसरी दुपारी झाली, झटक्यांच्या औषधाची वेळ डॉक्टरांनी बदलली होती, त्याला बसवून तासभर झाला होता. मॅडमनी हाच आरसा घेतला माझ्याकडून, त्यांच्यावाल्यावर डाग होते. मी भिंतीला चिकटून उभी, तोंडावर हात. आरसा समोर आला, दादाचे डोळे कुठेतरी खिडकीकडे. मॅडम थांबल्या. चक्क थांबून राहिल्या, मला वाटलं आता खाली ठेवतील. मग ते डोळे आले. आले आणि आरशावर अडकले, म्हणजे तरंगणं बंद झालं, आणि कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक आठी पडली, त्याची नेहमीची, हिशोब चुकला की पडायची ती. मॅडमचा हात उजवीकडे गेला आणि डोळे मागून गेले. झटके देत देत, पण मागून. हात थांबला, डोळे थांबले. परत मध्ये, परत उजवीकडे. डावीकडे मात्र अर्ध्यात सुटले. तरी उजवीकडे दोनदा पूर्ण आले आणि तेवढं पुरतं. बघण्याच्या भागात ३ मार्क.

या ३ मार्कांनी फाइलवरचं नाव बदललं. मिनिमली कॉन्शस स्टेट. ही वेगळी अवस्था आहे असं २००२ मध्ये ठरलं, त्याच्या आधी असे पेशंट सगळे एकाच पोत्यात जायचे. भान आहे पण थोडं आहे आणि टिकत नाही, सकाळी असतं दुपारी नसतं. आता म्हणाल नाव बदलून काय होतं. खूप होतं. या नावाच्या पेशंटची सुधारणा व्हायची शक्यता जास्त असते, दुखतं तेव्हा दुखणं पोचत असतं म्हणून ड्रेसिंगच्या आधी दुखण्याचं औषध सुरू झालं, त्याच्यासमोर खर्चाचं बोलणं बंद झालं, आणि वहिनी घरी कधी न्यायचं हे विचारायची थांबली.

चौथ्या टेस्टमध्ये परत काही नाही! मी खचलेच. पण मॅडमनी आधीच सांगितलं होतं, थोड्या दिवसांत निदान ५ वेळा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. २०१७ मध्ये यावरही अभ्यास झालाय, एका टेस्टवर भरवसा ठेवला तर बरेच पेशंट हातचे जातात, कमीत कमी ५ हव्यात असं त्यात निघालं. पाचव्यात परत आली नजर, दोन्हीकडे.

यानंतर डॉक्टरांनी अमँटाडीन सुरू केलं. जुनं औषध, एकेकाळी फ्लूसाठी द्यायचे, पार्किन्सनसाठीही देतात, २०१२ मध्ये १८४ पेशंटवर तपासलं होतं, चार आठवडे औषध आणि मग दोन आठवडे बंद. औषधवाल्यांची सुधारणा जास्त वेगात झाली, बंद केल्यावर वेग मंदावला आणि शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखे आले. म्हणजे जादू वगैरे नाही. झटके येणाऱ्याला जपून देतात, त्यामुळे मी कुठेतरी वाचलं म्हणून तुम्ही मागू नका, डॉक्टरांना विचारा. दादाच्या बाबतीत औषधाने किती आणि काळाने किती हे मला सांगता येणार नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने झोपेच्या गोळीने लोक जागे होतात असा व्हिडिओ पाठवला, ते झोल्पिडेम, काही मोजक्या पेशंटमध्ये खरंच उलटा परिणाम होतो, पण शंभरात पाच एवढेच. आमच्या दादाला दिली, तो झोपला.

आता तो एक स्टार.

रिहॅबमध्ये शेजारच्या बेडवर एक बाई होत्या, हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. त्यांचा नवरा रोज यायचा, रिटायर्ड माणूस, इस्त्रीचा शर्ट. आमचं झाल्यावर मी उत्साहाच्या भरात त्यांना म्हटलं, काका तुम्ही पण आरसा आणा, हाच आणा, मी लिंक पाठवते. त्यांनी आणला. रोज करायचे, माझ्यापेक्षा कितीतरी नीट, न बोलता, हळू, वहीसकट. काही नाही. महिना झाला, काही नाही. मार लागून झालेली इजा आणि प्राणवायू न मिळाल्याने झालेली इजा यात फार फरक असतो, दुसरीत सुधारणा कमी आणि तिची मुदतही लवकर संपते, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. आधी कळलं असतं तर मी लिंक पाठवली असती का? माहीत नाही. काका एकदा म्हणाले, ताई, आधी मला वाटायचं तिला कळत असेल. आता रोज ती नाही म्हणते. मला काही सुचलं नाही बोलायला.

म्हणून हे मोठ्याने सांगते. आरशामागे नजर आली तर काहीतरी आहे. नाही आली तर त्यावरून काही नाहीच असं ठरत नाही. डोळ्याची नस तुटलेली असू शकते, पापणी उचलणारी नस गेलेली असू शकते, मेंदूचा मागचा बघण्याचा भाग गेलेला असू शकतो, मग आरसा सोन्याचा असला तरी काय. अशांना आवाजाने, स्पर्शाने तपासावं लागतं. डोक्यात पाणी वाढलेलं असू शकतं, आतल्या आत न दिसणारे झटके चालू असू शकतात, ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, केल्याशिवाय कळत नाहीत, आणि या दोन्हींवर उपाय आहेत.

शिवाय असेही पेशंट आहेत की बाहेरून बोटही हलत नाही पण आत सगळं ऐकू येतंय. २००६ मध्ये एड्रियन ओवेन या मेंदूच्या शास्त्रज्ञाने एका २३ वर्षांच्या मुलीला, व्हेजिटेटिव्ह म्हणून ठरलेल्या, मशिनमध्ये घालून सांगितलं की टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, आणि मग सांगितलं की आपल्या घरात खोल्याखोल्यांतून फिर. मेंदूचे तेच तेच भाग उजळले जे धडधाकट माणसाचे उजळतात. मी हे वाचलं त्या रात्री झोपले नाही. २०२४ ला मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीच न करणारे २४१ पेशंट, त्यांतल्या ६० जणांचा मेंदू आत सूचना पाळत होता. चारात एक. ती तपासणी फार थोड्या ठिकाणी होते. मी काकांना हे सांगितलं नाही, त्यांच्या मॅडमना सांगायला सांगितलं, म्हटलं आता माझ्याकडून लिंक पुरे.

तर स्टार आरशाचा नाही कापला, माझा कापलाय. पण इथे स्वतःला स्टार द्यायची सोय नाही.

बरं, आरशाच्या खऱ्या तक्रारी पण आहेत. ॲक्रिलिकवर ओरखडे पटकन पडतात. आमच्या ड्युटीवरच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सॅनिटायझरने घासून पुसला, मधोमध धुकं आल्यासारखं झालं, त्यामुळे ओल्या मऊ कापडानेच पुसा, स्पिरिट लावू नका. छतावरच्या ट्यूबलाइटचा झोत आरशातून सरळ पेशंटच्या डोळ्यात जातो, तो दिवा बंद करून बाजूचा लावा, नाहीतर मिचकावणं म्हणजे प्रतिसाद वाटतो. दांडीचा जोड दोन महिन्यांत सैल झाला, आरसा फिरवताना किंचित डुगडुगतो आणि नजर सुटते, आम्ही जखमेची चिकटपट्टी गुंडाळलीय, तिथे चिकटपट्टीला काय कमी. पॅकिंग चांगलं होतं.

दादाचं पुढे काय झालं हे विचारणारच तुम्ही. पाचव्या महिन्यात तो सांगितल्यावर अंगठा हलवायला लागला, आधी चारात एकदा, मग दोनदा, मग चारही वेळा. मग एके दिवशी मॅडमनी हातात कंगवा दिला आणि काही सांगितलं नाही. याला वस्तूचा योग्य वापर म्हणतात, दोन वस्तू बरोबर वापरल्या तर पेशंट मिनिमली कॉन्शस अवस्थेतून बाहेर आला असं धरतात. दादाने कंगवा बघितला, उलटा होता तो सुलटा केला, आणि केस विंचरायला लागला. मी आरसा समोर धरला, तेव्हा पहिल्यांदा त्याने स्वतःला नीट बघितलं असेल, कवटीचा तुकडा परत बसवलेला, टाके, केस बोटभर वाढलेले. घाबरला नाही. विंचरत राहिला, फक्त उजवी बाजू. डावीला कंगवा गेलाच नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला मार लागला की डावीकडचं जगच लक्षात येत नाही कित्येकांना, डोळा चांगला असूनही.

बाहेर आला म्हणजे बरा झाला असं नाही हे पण लिहून ठेवते, त्यानंतरचे सहा आठवडे सगळ्यात वाईट होते. नळ्या ओढायचा, आईला शिव्या द्यायचा, मला ओळखायचा पण मी शाळेत आहे असं समजायचा, काल काय झालं ते आज नाही. हा गोंधळाचा टप्पा पण येतो आणि त्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही. आता बसतो, दोन शब्दांची वाक्यं बोलतो, आठी तीच.

खाली प्रश्नांमध्ये कोणीतरी विचारलंय की हा आरसा दाढी करायला चालेल का. चालतो. आमच्याकडे आता त्याच्यासाठीच आहे, वहिनी दाढी करते आणि दादा आरसा धरतो, चिकटपट्टीवर पकड चांगली येते त्याला. झालं का विचारलं की तो सगळीकडून बघून झालं म्हणतो. डावा गाल मात्र तुम्ही स्वतः बघून घ्या.